एकशे सव्वीस सूर

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण रेकॉर्डिंग स्टुडिओत त्याला सगळे फुंकणीच म्हणायचे. हे नाव व्हायोलिनवाल्यांनी दिलं होतं. व्हायोलिनवाले तीस आणि फुंकून वाजवणारे सगळे मिळून सात, तेव्हा कोणी कोणाला नावं ठेवायची हे ठरल्यासारखंच होतं. तो क्लॅरिनेट वाजवायचा. सकाळी हॉलमध्ये शिरला की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय फुंकणी, चूल पेटली का?" त्याच्या तोंडात क्लॅरिनेटच्या तोंडाला लावायची वेताची पट्टी भिजत ठेवलेली असायची, त्यामुळे तो नुसती मान हलवायचा.

त्याच्या डावीकडच्या खुर्चीत दुसरा क्लॅरिनेटवाला बसायचा. त्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात कायम 'क्लॅरिनेट २' असं लिहिलेलं असे, म्हणून तो दोन नंबर. "आपला धंदा दोन नंबरचा, पण सचोटीचा," असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. फुंकणी मात्र त्याला जोडीदार म्हणायचा, आणि ते शब्दशः खरं होतं. गाण्यात कधी कधी असा लांब सूर येतो की एका माणसाच्या छातीत तेवढी हवाच मावत नाही. तेव्हा दोघं मिळून तो धरायचे. एकाचा दम संपत आला की दुसरा आवाज न करता आत यायचा, आणि पहिला तेवढ्यात श्वास घेऊन परत यायचा. ऐकणाऱ्याला एकच अखंड सूर ऐकू यायचा. यासाठी खुणा करायची, एकमेकांकडे बघायची गरज लागत नसे. बावीस वर्षं शेजारी बसल्यावर फुंकणीला जोडीदाराच्या बरगड्या कधी हलतात ते नुसतं जाणवायचं.

त्या स्टुडिओत सिनेमाची गाणी व्हायची. मोठा लाकडी तळाचा हॉल, दाराच्या वर लाल दिवा, एका बाजूला जाड काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्टची खोली. खुर्च्या कुठे ठेवायच्या त्याच्या खडूच्या खुणा जमिनीवर होत्या आणि रोज झाडू फिरूनही त्या पुरत्या पुसल्या जात नसत. लाल दिवा लागला की पन्नास माणसं एकदम गप्प व्हायची. एकाची चूक झाली की पन्नासांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. त्यामुळे चूक करणाऱ्याला शिव्या बसायच्या आणि दुपारच्या डब्यात त्यालाच पहिला घास दिला जायचा.

फुंकणीचा बापही क्लॅरिनेटच वाजवायचा. तो मुक्या सिनेमांच्या काळातला. पडद्याच्या पायथ्याशी एक खोल खड्डा असे, त्यात आठ वादक बसायचे आणि मान वर करून चित्र बघत वाजवायचे. पडद्यावर पाठलाग असला की भरभर, विरह असला की सावकाश. मग बोलणारे सिनेमे आले. एका आठवड्यात त्या खड्ड्यावर फळ्या ठोकल्या गेल्या आणि त्यांवर खुर्च्यांच्या दोन रांगा वाढल्या. बाप साबणाच्या कारखान्यात लागला. नंतर उभ्या जन्मात तो सिनेमाला गेला नाही. फुंकणीला विसाव्या वर्षी स्टुडिओत काम मिळालं, सिनेमाच्या गाण्यांचं, तेव्हा तो बापाला सांगायला धावत गेला. कारखान्याच्या फाटकाबाहेर एक दगडी कठडा होता, तिथे बाप डबा खात बसला होता. बाप ऐकून म्हणाला, "छान. जा." आणि पुन्हा डब्यात बघू लागला. फुंकणीला तेव्हा वाटलं होतं, म्हाताऱ्याला आनंद झाला, पण बोलता आलं नाही.

फुंकणीला एकच मुलगी. लहानपणी ती स्टुडिओत यायची, खुर्चीखाली बसून माणसांचे बूट मोजायची. तिचा कान बापाहून तिखट होता. पण सतरा-अठराव्या वर्षी तिची संगत बदलली. शहराच्या एका टोकाला एक बंद पडलेला छापखाना होता. त्याच्या तळघरात दहा-बारा पोरंपोरी जमायची. सगळ्यांचे कपडे काळे, सगळ्यांचे केस कानावर कापलेले, मुलगा कोण नि मुलगी कोण ते बोलल्याशिवाय कळू नये असे. इस्त्रीच्या टेबलावर छोटे कीबोर्ड, वायरींचा गुंता, आणि स्वतःच ताल धरणारी एक पेटी. एका दुपारी फुंकणी लेकीला न्यायला तिथे गेला, तेव्हा त्याने अर्धा तास ते ऐकलं. ताल कधी चुकत नव्हता. तीच त्याला चूक वाटली.

"यात माणूस कुठे आहे?" त्याने घरी येताना विचारलं.

"माणूस नकोच आहे बाबा," लेक म्हणाली. "माणूस आला की रडगाणं येतं. तुमच्या गाण्यांत सगळे सारखे रडत असतात."

त्याला राग यायला हवा होता, पण हसू आलं. ती म्हणत होती ते काही अगदीच खोटं नव्हतं.

दोन वर्षांनी तीच लेक त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. नवीन यंत्र आलं होतं. खऱ्या वाद्याचा एकेक सूर त्यात भरून ठेवला की कीबोर्डच्या पट्टीवर बोट ठेवताच तोच सूर वाजायचा. तळघरातल्या एका मित्राने ते कुठूनतरी मिळवलं होतं.

"बाबा, मला तुमची क्लॅरिनेट हवी आहे," ती म्हणाली. "वाद्य नको. आवाज."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "द्या की. जन्मात पहिल्यांदा पोरगी तुमच्याकडे काहीतरी मागतेय. नाहीतर तुमच्या वाजवण्याला तिने कधी विचारलंय?"

तीन दिवस ते काम चाललं. बैठकीच्या खोलीच्या भिंतींना गाद्या टांगल्या. फ्रिज बंद केला, घड्याळ पलीकडच्या खोलीत नेलं. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत बेचाळीस सूर. प्रत्येक सूर तीन वेळा, एकदा हलका, एकदा मध्यम, एकदा भरून. एकूण एकशे सव्वीस. प्रत्येक सुरानंतर तो विरून जाईपर्यंत कोणी हलायचं नाही. लेक कानावर हेडफोन लावून टेपवर वाकलेली असे आणि बोटाने खूण करी. पुढचा. पुढचा. आयुष्यात त्याने इतकं एकाग्र होऊन कधी वाजवलं नव्हतं, आणि त्यात गाणं म्हणून काहीच नव्हतं. मधल्या सप्तकातला एक सूर वाजवताना त्याच्या क्लॅरिनेटची एक किल्ली 'टिक' करायची. तिच्या खालची इवलीशी गादी झिजली होती आणि त्याने बुचाचा तुकडा कापून ती बसवली होती.

"हा परत घेऊ या का?" त्याने विचारलं.

"राहू दे," लेक म्हणाली. "हा तुमचा आहे."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओठ सुजले होते. लेकीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ती असं करणाऱ्यांतली नव्हती. त्या क्षणी त्याला कोणी विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आज झालं.

तळघरातल्या मंडळींनी त्या सुरांचं काय केलं ते त्याला फारसं कळलं नाही. पण त्यांच्यातल्या एकाकडून ते एका कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या कानी पडले. कंपनीने लेकीला बोलावलं, नोकरी दिली, आणि तो संच यंत्रात भरला. बटण क्रमांक सत्तेचाळीस. लेक पगाराची नोकरी करू लागली याचाच घरात आनंद झाला. त्यापुढचा विचार कोणी केला नाही.

स्टुडिओत आधी व्हायोलिनं कमी झाली. तिसांची वीस झाली, विसांची आठ. कोणाला काढलं असं कधी कोणी म्हटलं नाही, बोलावणं येईनासं झालं एवढंच. जमिनीवरच्या खडूच्या खुणा मात्र तीसच होत्या, त्यामुळे हॉल दात पडलेल्या तोंडासारखा दिसायचा. आणि मग एका सकाळी फुंकणी आणि जोडीदार वेळेवर आले, पट्ट्या भिजवून बसले, आणि त्यांना थांबायला सांगितलं. काचेपलीकडे एक तरुण कीबोर्डवर बसला होता. रेकॉर्डिस्टने मोठा आवाज सोडला. हॉलमध्ये क्लॅरिनेट वाजू लागली.

मधल्या सप्तकातला तो सूर आला आणि त्याबरोबर 'टिक' आला. पुन्हा तो सूर, पुन्हा टिक. त्याच्या हातात ती किल्ली रोज थोडी वेगळी वाजायची, कधी वाजायचीच नाही. ही दर वेळी अगदी तशीच वाजत होती. त्याने डावीकडे पाहिलं. जोडीदार मांडीवरची क्लॅरिनेट फडक्याने पुसत होता, सावकाश, टोकापासून टोकापर्यंत. त्याचं लक्ष नाही असं फुंकणीला वाटलं, आणि त्याने सुटकेचा श्वास सोडला.

त्या दिवशी त्याला कठड्यावर डबा खाणारा बाप आठवला. आपण ज्या ताटात इतकी वर्षं जेवलो, ते बापाच्या पुढ्यातून ओढलेलं होतं, आणि त्या माणसाने 'छान, जा' म्हणून ते स्वतःच्या हाताने पुढे सरकवलं होतं.

सांगायला हवं होतं, पण त्याने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठ महिने गेले. आठवड्यातून सहा दिवस मिळणारं काम दोन दिवसांवर आलं, तरी तो जोडीदाराशेजारी बसून त्याच्या डब्यातलं खात होता. शेवटी वादकांच्या संघटनेने सभा बोलावली. संघटनेची खोली एका दुकानाच्या माळ्यावर होती. त्या दिवशी जिन्यावरही माणसं उभी होती. सेक्रेटरी होता ड्रमवाला, आवाजही ड्रमसारखाच. तो म्हणाला, "यंत्र हवेतून वाजत नाही. आत कोणीतरी आपलाच माणूस वाजतोय. व्हायोलिन कोणाचं ते कळलंय, तो परमुलखातला आहे. क्लॅरिनेट कोणाची?"

मग फुंकणीला शेजारून जोडीदाराचा आवाज ऐकू आला, अगदी हळू. "तू सांगतोस का मी सांगू?"

फुंकणी उभा राहिला. "माझी," तो म्हणाला.

ओरडा होईल असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. मागून एक म्हातारा व्हायोलिनवाला, ज्याने त्याचं बारसं केलं होतं तोच, एवढंच म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." ड्रमवाल्याने रजिस्टर उघडलं, पट्टी लावली आणि एका नावावर सरळ रेघ मारली. जिन्यावरच्या माणसांनी त्याला उतरायला वाट करून दिली. इतकी मोठी वाट त्याला तिथे कधी मिळाली नव्हती.

लेकीला हे आईकडून कळलं. ती धावत आली. "बाबा, तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"थांबवलं असतं तर थांबली असतीस?"

ती समोरच्या खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "नाही."

"मग झालं तर."

पण तसं काही झालं नव्हतं. बाप-लेक बोलत राहिले, जेवत राहिले, सणासमारंभाला फोटोत शेजारी उभे राहिले, फक्त संगीताचा विषय दोघंही टाळू लागले. ज्या घरात दुसरा विषय नव्हता तिथे हे फार अवघड गेलं.

स्टुडिओ पुढच्या वर्षी बंद झाला. फुंकणी एका शाळेत मुलांचा बँड शिकवू लागला. सकाळी सातला मैदानावर चाळीस पोरं बेसूर बिगुल फुंकायची आणि तो त्यांच्यापुढे उभा राहायचा. काम वाईट नव्हतं. पोरांच्या चुका रोज नव्या असायच्या. जोडीदाराने मात्र वाद्यच विकून टाकलं आणि तो एका गोदामाच्या वजनकाट्यावर लागला, असं त्याच्या बायकोकडून कळलं. नवऱ्यांचं बोलणं तुटलं तरी बायकांनी आपलं तोडलं नव्हतं. दर गुरुवारी दुपारी फोन व्हायचा. फुंकणी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचा आणि एकही पान उलटायचा नाही.

एकोणीस वर्षं अशी गेली. त्या काळात लेकीचेही दिवस फिरले. जगातले सगळे आवाज कॉम्प्युटरवर फुकट मिळू लागले, आणि आवाज गोळा करणारं तिचं खातं कंपनीने एका बैठकीत गुंडाळलं. चाळिशी उलटलेल्या बाईला समोरचा तिशीतला साहेब अगदी गोड शब्दांत सांगत होता, आणि तिला म्हणे सारखं त्याच्या बुटांकडे बघावंसं वाटत होतं. मग ती एका कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकवू लागली. घरी आली की थकलेली असे. फुंकणीला तिला सांगावंसं वाटे की हे असंच असतं, खड्ड्यावर कोणीतरी फळ्या ठोकतंच. पण तो विषय त्या दोघांत नव्हता.

नातीने मात्र तो बेधडक काढला. ती पंधरा वर्षांची, गाणी करायची ती फोनवर, पलंगावर पालथं पडून. तिच्या मित्रमैत्रिणी वेगवेगळ्या गावांत होत्या, एकमेकांना कधी भेटलेल्याही नव्हत्या. तरी त्यांचा एक कंपू होता, त्याचे कपडे होते, शब्द होते, आणि बाहेरच्यांबद्दलचा तुच्छपणाही होता. या कंपूला आईच्या काळातले जुने कीबोर्डचे आवाज फार आवडायचे.

"आजोबा, आई म्हणते हा आवाज तुमचा आहे," असं म्हणून तिने फोन त्याच्या कानाला लावला.

त्याने ऐकलं. सूर ओळखीचा होता, पण कुठूनतरी फुगत येऊन एकदम कापल्यासारखा थांबत होता.

"उलटा लावलायस का?"

"हो. उलटाच छान लागतो."

त्याने पुन्हा ऐकलं. वाईट नव्हतं. "तुझ्या आईला म्हणावं, किल्लीचा आवाज आता सुराच्या शेवटी येतो," तो म्हणाला, आणि एकटाच थोडा वेळ हसला. नातीला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. तिने विचारलं, "यातला दुसरा वाजवणारा कोण होता? गाण्यांत नेहमी दोन असायचे ना?"

त्याच हिवाळ्यात फुंकणीची बायको गेली. सकाळी चहा टाकता टाकता खाली बसली ती उठलीच नाही. घरासमोर माणसं जमली. जोडीदाराची बायको आत येऊन लेकीला धरून बसली. फुंकणी दारात उभा असताना त्याला दिसलं की रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या फळीला टेकून जोडीदार उभा आहे. केस पांढरे झाले होते, टोपी हातात होती. तो शेवटपर्यंत उभा राहिला. आत आला नाही, आणि माणसं पांगली तेव्हा तोही गेला.

महिनाभराने फुंकणी दोन बस बदलून वजनकाट्यावर गेला. गावाबाहेरची गोदामं, उखडलेला रस्ता, जमिनीत बसवलेला लोखंडी चौथरा. त्यावर ट्रक उभा राहायचा आणि शेजारच्या काचेच्या खोपटात बसलेला माणूस वजन बघून चिठ्ठी लिहायचा. खोपटात एकच खुर्ची होती. जोडीदाराने त्याला पाहिलं, खुर्ची त्याच्याकडे ढकलली आणि स्वतः एका पोत्यावर बसला. खिडकीत लहानसा रेडिओ होता, बंद.

"वहिनी गेल्या तेव्हा आलो होतो," जोडीदार म्हणाला.

"पाहिलं मी."

"आत यायला पाय उचलेना."

एक ट्रक आला. जोडीदाराने उठून आकडा पाहिला, चिठ्ठी लिहिली, खिडकीतून दिली. ट्रक गेला, धूळ बसली.

"मी माफी मागायला आलोय," फुंकणी म्हणाला.

"कशाची?"

"तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे का, ते बघतोय."

फुंकणी गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिला. "सूर दिले त्याची नाही," तो शेवटी म्हणाला. "लेकीने मागितले, दिले. आज मागितले तरी देईन. पण आठ महिने मला माहीत होतं, आणि मी तुझ्या शेजारी बसून तुझा डबा खात होतो."

जोडीदाराने मान हलवली. "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. टिक ऐकला तेव्हाच. तो बुचाचा तुकडा मीच तर तुला कापून दिला होता." तो थांबला. "मी वाट बघत होतो, तू कधी सांगतोस. रोज सकाळी वाटायचं, आज सांगेल. तू सांगितलं असतंस ना, तर मी त्या जिन्यावरून तुझ्याबरोबर उतरलो असतो."

आठ महिने जोडीदार फडक्याने क्लॅरिनेट पुसत होता, ते फुंकणीला आता दिसलं.

"दुसऱ्या कोणीतरी दिलेच असते," जोडीदार म्हणाला. "क्लॅरिनेटवाले काय कमी होते?"

"पण दिले मी."

"हो. दिलेस तू." जोडीदाराने रेडिओकडे बोट केलं. "हा मी लावतो ना अधूनमधून, तर त्यात तू येतोस. जाहिरातीत, बातम्यांच्या आधी, कुठेही. सूर लागतो, लांबत जातो. आणि तुझा दम संपत आला असं वाटून मी इथे बसल्या जागी तयार होतो, आत यायला. अजून होतो. आणि तू संपतच नाहीस." त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हणून बंद ठेवतो."

पुढचा ट्रक येऊन गेला. फुंकणी उठला तेव्हा जोडीदार चिठ्ठ्यांचं पुस्तक मिटत म्हणाला, "रविवारी मला सुट्टी असते."

रविवारी तो आला आणि चहा पिऊन म्हणाला, "चल." दोघं संघटनेच्या खोलीवर गेले. जिना तोच होता, पण माळ्यावर चार म्हातारे पत्ते खेळत बसले होते. ड्रमवाला आता कानाला यंत्र लावायचा. जोडीदाराने रजिस्टर मागितलं आणि त्याच्यासमोर उघडून ठेवलं.

"याचं नाव परत लिही."

"आता?" ड्रमवाला म्हणाला. "अरे, महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. संघटनाच राहणार नाही."

"मग महिनाअखेरपर्यंतचं लिही."

पत्ते खेळणाऱ्यांतला एकजण न बोलता उठून बाहेर गेला. तो शेवटपर्यंत फुंकणीशी बोलला नाही, आणि त्याचा तो हक्क होता. बाकीचे बसून राहिले. ड्रमवाल्याने रेघ मारलेल्या नावाच्या खाली तेच नाव पुन्हा लिहिलं. त्यापुढे 'क्लॅरिनेट' असं लिहून तो थांबला आणि त्याने विचारलं, "एक का दोन?"

"मी दोन," जोडीदार म्हणाला. "त्याला एकच लिही."

खोली रिकामी करायच्या दिवशी लेक गाडी घेऊन आली. कपाटांत छतापर्यंत नोटेशनचे गठ्ठे होते, चाळीस वर्षांच्या गाण्यांचे, प्रत्येक वाद्याचे वेगळे, सगळे हाताने लिहिलेले. रद्दीवाला खाली थांबला होता. लेकीने एक कागद उचलला, खिडकीपाशी नेला, उभा धरला, आडवा धरला.

"बाबा, मला यातलं काहीच वाचता येत नाही," ती म्हणाली.

फुंकणीला आधी ती थट्टा वाटली. पंचवीस वर्षं ही मुलगी संगीतातच होती. "खरंच?"

"कधी लागलंच नाही. बटण दाबलं की येत होतं." तिने कागद खाली ठेवला नाही. "शिकवाल?"

त्याने रद्दीवाल्याला सांगून क्लॅरिनेटचे दोन गठ्ठे बाजूला काढले. दर रविवारी सकाळी तो, लेक आणि कधीमधी जोडीदार जेवणाच्या टेबलाशी बसू लागले. वाजवण्याचा प्रश्नच नव्हता. फुंकणीचे वरचे दात गेले होते, आणि जोडीदाराकडे वाद्य नव्हतं. लेक पाच रेघांवर बोट ठेवून, अडखळत, गाऊन वाचायची. शिकायला ती फार मंद निघाली. कान इतका तिखट की तिला पुढचं आधीच ऐकू यायचं, आणि मग ती वाचायचं सोडून अंदाजाने गायची.

"अंदाज नको," जोडीदार ओरडायचा. "लिहिलंय ते वाच."

"शाळेतली पोरं बरी होती," फुंकणी म्हणायचा.

ती चिडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. या वाचनात बाप-लेकीने इतक्या वर्षांत टाळलेलं सगळं हळूहळू बोलून झालं, कधी एका रविवारी दोन वाक्यं, कधी नुसतंच एक. तळघराबद्दल, त्या बुटांबद्दल, कठड्यावरच्या म्हाताऱ्याबद्दल.

फुंकणी त्यानंतर चार वर्षं जगला. तोवर दुसऱ्या गठ्ठ्याची अर्धी पानं झाली होती. उरलेली लेकीने एकटीने वाचून काढली, जोडीदाराला समोर बसवून. तो एकेक चूक पकडायचा.